एकेंद्रियांची भांगलण

शेवाळाला जीव असतो, हे मला शाळेत शिकावे लागले नाही. आमच्या सांगलीकडच्या जैन घरात पावसाळ्यात परसातल्या दगडावर शेवाळ धरले की आजी त्यावर पाय देऊ द्यायची नाही. साधारण वनस्पती ती, एकच इंद्रिय असलेली, एका देहात अनंत जीव, असे सांगायची. त्याच आजीच्या रानात हळदीची भांगलण व्हायची, आणि तिला त्यात विसंगती वाटत नसे. जैन श्रावकासाठी, म्हणजे गृहस्थासाठी, हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत. ठरवून केलेली ती संकल्पी, चूल-पाण्यात घडते ती आरंभी, पोटाच्या धंद्यात घडते ती उद्योगी आणि बचावासाठी करावी लागते ती विरोधी. भांगलण उद्योगीत बसते.

मी आता सॅन डिएगोत राहते. घरात खाऱ्या पाण्याची टाकी आहे, तिच्यात प्रवाळ आहेत, आणि त्यांच्यावर चढणारे शेवाळ मी चिमट्याने उपटते. ही हिंसा कोणत्या खात्यावर मांडायची? टाकीवर माझे पोट नाही, चूलही नाही, म्हणजे उद्योगी नव्हे आणि आरंभीही नव्हे. प्रवाळाचा बचाव म्हणून विरोधी म्हणावी, तर शेवाळ चाल करून आलेले नाही; दगडाला चिकटून माझ्याच हातून ते घरात आले. उरते ती माझ्या हौसेची हिंसा, आणि गरज नसताना केलेल्या हिंसेला आमच्याकडे अनर्थदंड म्हणतात. हे उत्तर मला टोचते, तरी मी ते खोडत नाही. टाकी मोडली तर आतले सगळेच जीव जातील. पत्करलेला जीव वाऱ्यावर सोडणे याला मी अहिंसा म्हणणार नाही. तेव्हा कमीत कमी किती मारून भागेल, एवढेच माझ्या हाती राहते.

आणि ते शेवाळाच्या ओळखीवर अवलंबून आहे. ब्रायोप्सिस आणि डर्बेसिया दोन्ही हिरवी, दोन्ही मऊ. भिंग धरले की ब्रायोप्सिसच्या दांड्याला पिसासारखे फाटे दिसतात. डर्बेसिया म्हणजे नुसता केसांचा झुपका. डर्बेसिया गोगलगायी आणि समुद्री अर्चिन खातात, ब्रायोप्सिसला बहुतेक प्राणी तोंड लावत नाहीत. ओळख चुकवून ब्रायोप्सिसवर गोगलगायी सोडल्या तर शेवाळ तसेच राहते आणि गोगलगायी उपाशी मरतात. व्हॅलोनियाचा चकचकीत हिरवा मणी म्हणजे अख्खी एक पेशी. तो फुटू न देता बुडापासून सोडवावा लागतो, नाहीतर त्याची पिलावळ टाकीभर होऊ शकते. कॉलेर्पाची आडवी दोरी मीटरभर धावली तरी तीही एकच पेशी, आत भिंती नाहीत, केंद्रके मात्र असंख्य. घाईने ओढली तर प्रत्येक तुकडा नवे झाड होऊ शकतो. उलट हॅलिमेडाच्या चुनखडी चकत्यांपासून समुद्रात वाळू तयार होते, आणि दगडावरच्या शैवालाच्या गुलाबी-जांभळ्या कवचावर प्रवाळाची पिल्ले बसतात. या दोघांना मी हात लावत नाही.

एका पेशीत असंख्य केंद्रके असतात हे वाचल्यावर आजीचे अनंत जीव आठवतातच. पण केंद्रक म्हणजे जीव असा मेळ मी घालणार नाही. धर्मशास्त्र आत्म्याविषयी बोलते, सूक्ष्मदर्शक पेशीविषयी. एकाची साक्ष दुसऱ्याच्या दाव्याला काढली की दोघांचाही अपमान होतो.

इथले हौशी लोक सांगतात, आपण कशाला उपटायचे, एमराल्ड खेकडा आणा, तो व्हॅलोनिया खाईल. खेकडा आपल्या स्वभावाने खातो, त्याचा दोष नाही. माझा मात्र आहे. कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे केलेली, करविलेली आणि मान्य केलेली हिंसा आमच्या धर्मात एकाच पंगतीला बसते. खेकडा आणला म्हणून माझे हात धुतले जात नाहीत. ब्रायोप्सिसवर फ्लुकोनाझोल चालते, त्या औषधालाही हाच न्याय.

खरी अहिंसा मला खाद्याच्या डबीपाशी सापडते. माशांना टाकलेल्या जास्तीच्या खाद्यातून नायट्रेट आणि फॉस्फेट साठते, त्यावर शेवाळ पोसते. आमच्याकडे कर्म आत येण्याची वाट म्हणजे आस्रव, ती अडवणे म्हणजे संवर, आणि आधी साचलेले झडणे म्हणजे निर्जरा. उपटणे हे फार तर निर्जरेच्या जागी. चिमूटभर खाद्य कमी टाकणे हा संवर, आणि त्यात एकही जीव मारावा लागत नाही. इथेही अतिरेक नको. ही द्रव्ये शून्यावर आणली तर प्रवाळाच्या पेशींत राहणारे सूक्ष्म शैवाल उपाशी पडते आणि डायनोफ्लॅजेलेटचा तपकिरी चिकट थर दगडांवर पसरू शकतो.

उपटलेले शेवाळ मारण्यापेक्षा समुद्रात सोडावे, ही जीवदया वाटते खरी. पण कॉलेर्पा टॅक्सिफोलिया 1984 मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखाली जेमतेम चौरस मीटरभर होते. पुढे भूमध्य समुद्राच्या किनाऱ्याने ते दूरवर पसरले. 2000 साली ते इथून उत्तरेला, कार्ल्सबॅडच्या आग्वा हेडिओंडा खाजणात सापडले. कुणाच्या तरी टाकीतून आले असावे, असाच निष्कर्ष निघाला. त्यावर ताडपत्र्या अंथरून खाली क्लोरीन सोडावे लागले, आणि त्या आच्छादनाखाली समुद्री गवतासह जे काही होते ते मेले. खाजण त्यातून मुक्त झाल्याचे जाहीर व्हायला 2006 उजाडले. एका मूठभर जीवदयेची ती किंमत होती, असेच मी मानते. न मारण्याचे समाधान आपल्याला मिळते आणि मरण दुसऱ्यांच्या वाट्याला जाते, त्याला मी दया म्हणत नाही.

तुमच्या घरी खाऱ्या पाण्याची टाकी असेल तर एवढे करा. काढलेले शेवाळ पिशवीत बांधून किमान 24 तास फ्रीझरमध्ये ठेवा, मग कचऱ्यात टाका. गटारात, खाडीत, समुद्रात एक तुकडाही जाऊ देऊ नका.