कोंड्याचे वाटेकरी

लंडनमध्ये नील पेंटर नावाचे एक सर्जन होते. त्यांच्याकडे येणाऱ्या कित्येक वयस्क रुग्णांच्या मोठ्या आतड्याला लहान लहान पिशव्या फुटलेल्या असत. रक्तवाहिन्या जिथे स्नायूतून आत शिरतात तिथे आतड्याची भिंत कच्ची असते. आतला दाब वाढला की अस्तर तिथूनच बाहेर फुगतं. हाच डायव्हर्टिक्युलर आजार. पोटात कळा येत, कधी पिशवी सुजे, क्वचित फुटे. डॉक्टर वर्षानुवर्षं एकच सांगत आले होते: मऊ खा, चोथा टाळा. दुखऱ्या आतड्याला विसावा मिळावा, एवढीच त्यांची इच्छा. हेतूत खोट नव्हती, म्हणून तर ही चूक इतकी टिकली.

मग पेंटरांना डेनिस बर्किट भेटले. हे आयरिश सर्जन युगांडात अनेक वर्षं शस्त्रक्रिया करून परतले होते. रताळी, केळी, शेंगा खाणाऱ्या तिथल्या खेडुतांत हा आजार जवळजवळ नव्हताच. इंग्लंडात मात्र 1880च्या सुमारास नव्या गिरण्या आल्या आणि पांढऱ्या पिठाच्या हौसेपायी कोंडा ताटातून गेला. 1971 साली दोघांनी लिहिलं की रोगाचं मूळ या गेलेल्या चोथ्यात आहे. पुढच्या वर्षी पेंटरांनी 70 रुग्णांना कोंडाच खाऊ घातल्याचा अनुभव मांडला. ज्यांनी तो नेटानं खाल्ला, त्यांतल्या बहुतेकांचा त्रास कमी झाला.

चोथ्यानं मळ मऊ आणि भरघोस होतो, दाब उतरतो, असं या दोघांचं म्हणणं. पण या गोष्टीत आणखी कुणीतरी होतं. 1980 साली केंब्रिजच्या ॲलिसन स्टीफन आणि जॉन कमिंग्ज यांनी मळ तपासला, तर त्याच्या कोरड्या वजनातला निम्म्याहून जास्त भाग निव्वळ जिवाणूंचा निघाला! आपल्याला न पचणारा चोथा म्हणजे या मंडळींचं जेवण. ते खाऊन ती ब्युटिरेट नावाचा पदार्थ तयार करतात, आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात.

2016 साली एका प्रयोगात उंदरांच्या पोटात माणसाच्या आतड्यातले जिवाणू वाढवून त्यांचा चोथा तोडण्यात आला. उपाशी जिवाणूंनी अस्तरावरचा बुळबुळीत थर खायला घेतला. तो पातळ झाला आणि रोगजंतूंना वाट मोकळी झाली. पिशव्यांच्या सुजेत जिवाणूंचा वाटा किती, याचा शोध अजून चालू आहे. डॉक्टरांचा सल्ला मात्र पालटला: सूज असेतो चार दिवस हलकं खा, ती उतरली की चोथा हळूहळू वाढवा.