परतीची घाई

गोव्याकडे उतरताना मी मला आवडतो. मुंबईकडे परतताना तितका आवडत नाही. होडी तीच, सोबतीही तेच. फरक वाऱ्याचा. हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावर दुपारी वायव्येचा वारा सुटतो. जाताना तो पाठीशी असतो, त्यामुळे आपण मोठे दर्यावर्दी झालो असं वाटू लागतं. परतताना तोच नाकावर येतो. शिडाची होडी वाऱ्याच्या थेट तोंडी जात नाही. साधारण ४५ अंश सोडून, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे अशी नागमोडी चढवावी लागते. १० मैल सरकायला १४ मैल कापायचे. एका परतीत जयगडचा दीपस्तंभ दुपारी उजव्या अंगाला होता. संध्याकाळचा चहा झाला तरी जवळजवळ तिथेच. अशा वेळी हात इंजिनाच्या किल्लीकडे जातो.

यावर जुना उपाय आहे. खाडीत शिरून नांगर टाकायचा आणि उत्तररात्री जमिनीवरून येणाऱ्या मतलई वाऱ्याची वाट पाहायची. तो पूर्वेकडून येतो, उत्तरेला निघालेल्या होडीला बाजूने लागतो. पडाव, गलबतं याच हिशेबाने किनारा चढत. मला हे ठाऊक होतं. रजाही शिल्लक होती. तरी ‘इंजिन लावू या’ मीच म्हणालो आणि कारण सांगितलं घरच्या ओढीचं.

ओढ खरोखर घराचीच होती का? घरी पोचण्यापेक्षा ‘शिडाने गोवा करून आलो’ हे चार लोकांत सांगायची घाई जास्त होती. समुद्रात बसून मी समुद्र संपायची वाट पाहत होतो.

एवढंच असतं तर माझ्यापुरती हौस म्हणून सोडून दिलं असतं. पण किनाऱ्यालगत रात्री मासेमारीची जाळी असतात. थर्मोकोलमध्ये खोचलेली बांबूची काठी आणि वर काळा बावटा, ही त्यांची खूण दिवसा दिसते. अंधारात एखादा लुकलुकता दिवा असला तर असला. नुसत्या शिडावर जाळं ओलांडलं गेलं, तर ते निसटायची शक्यता तरी असते. इंजिनाचा फिरता पंखा ते ओढून घेतो आणि कापतो. त्या रात्री काही तुटलं नाही. पण तुटलं असतं, तर मी थांबलो असतो का? दिवसाउजेडी, समोर नाखवा उभा असता तर नक्की. भरपाईही दिली असती. अंधारात, कुणी पाहत नसताना? तिथे माझं ‘नक्की’ अडखळतं.

परतायची घाई त्या नाखव्यालाही असते. त्याचा बर्फ वितळत असतो, बाजारात भाव उतरत असतो. माझ्या घाईमागे असं काहीच नव्हतं, आणि तिची किंमत मात्र त्याच्या जाळ्याने मोजली असती.

दर्यावर माझं प्रेम आहे, असं मी पुढेही म्हणेन. पण रजा हाताशी असताना नांगर टाकून थांबणं जोवर जमत नाही, तोवर ते प्रेम पाठच्या वाऱ्यापुरतंच धरायला हवं.