दोन ढेकळं

बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये, उल्हास नदीच्या काठी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची भाताची खाचरं होती. सगळे त्यांना आबा म्हणत. मे संपताना तीन मुलं त्यांच्याकडे आली: उल्हासनगरचा एक मुलगा, अंबरनाथची एक मुलगी आणि बदलापूरचा एक मुलगा. शाळेने प्रकल्प दिला होता, ‘हवामान बदल’.

मुलांच्या वहीत वितळणारे हिमनग होते. आबांनी विचारलं, “पूर पाहिलात का रे?”

तिघं एकदम बोलायला लागली. जुलै २०१९मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस इथेच पाण्यात अडकली होती आणि हजारावर प्रवासी बोटींनी बाहेर काढावे लागले होते, हे त्यांनी घरी ऐकलं होतं. अंबरनाथची मुलगी म्हणाली, “आमच्या शिवमंदिराजवळून वालधुनी वाहते. तिची तर गटारच झालीय.”

“मग सगळा दोष कारखान्यांचा,” उल्हासनगरचा मुलगा म्हणाला. “आम्ही काय करणार?”

आबांनी काचेचे दोन पेले पाण्याने भरले. एक वाळलेलं ढेकूळ शेजारच्या खाचरातलं आणलं. तिथे वर्षानुवर्षं फक्त युरिया पडत होता. दुसरं स्वतःच्या खाचरातलं. त्यात शेणखत आणि बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला जात होता. दोन्ही ढेकळं अलगद पाण्यात सोडली. पहिलं बघता बघता विरघळलं, पाणी गढूळ झालं. दुसरं बराच वेळ तसंच राहिलं.

“कुजलेला पाला आणि मातीतले जीव कणांना धरून ठेवतात,” आबा म्हणाले. “हवा एका अंशाने तापली की साधारण सात टक्के जास्त वाफ धरते. मग आठ दिवसांचा पाऊस एका रात्रीत कोसळतो आणि नंतर पंधरा दिवस उघडीप. अशा वेळी पाणी पिऊन ठेवणारी जमीन हवी.”

“म्हणजे तुमच्या शेतात पूर येत नाही?”

“येतो ना! गाडी अडकली त्या वर्षी लावलेली रोपं गेली. पण पाणी ओसरलं तेव्हा माती जागेवर होती. पोरांनो, आभाळ आपल्या हातात नाही. मातीतून घेतलं ते मातीला परत द्यायचं, हे मात्र आपल्या हातात आहे.”

बदलापूरच्या मुलाला युरियात वाईट काय ते कळेना. आबांनी समजावलं: युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो. पिकाने न घेतलेल्या नत्राचा काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो आणि तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता अडवतो. आपली बाजूही त्यांनी झाकली नाही. साचलेल्या पाण्याच्या खाचरातून मिथेन निघतो, शेणखताने तो वाढूही शकतो. म्हणून पीक उभं असताना ते मधूनमधून पाणी काढून जमीन हवेशीर करत.

“पण आमच्याकडे शेतच नाही,” उल्हासनगरचा मुलगा पुन्हा म्हणाला.

“जेवतोस ना रोज? भाजीचे देठ, केळ्याची सालं कुठे जातात?”

कचऱ्याच्या डोंगरावर. तिथे ती दबून कुजतात आणि मिथेनच सोडतात.

पुढच्या रविवारी आबांच्या खतासाठी तिघांनी आपापल्या इमारतीतून ओला कचरा गोळा करून एक पोतं आणलं. आबांनी ते अंगणात ओतलं. प्लास्टिकच्या पिशव्या, दुधाच्या थैल्या, एक तुटकी चप्पल. त्यांनी सगळं परत भरलं आणि पोतं मुलांच्या हातात दिलं.

मुलं खट्टू झाली, पण परत गेली. प्रत्येक मजल्यावर जाऊन, दार वाजवून, दोन डबे ठेवायला सांगू लागली. काहींनी दार लावून घेतलं. काहींनी ठेवले. पावसाळ्याआधी अर्धं पोतं आलं, पण स्वच्छ. ते आबांनी गांडूळखताच्या खड्ड्यात घेतलं आणि वर पेंढा पसरायचं काम मुलांनाच लावलं.