टुल्लू पंप आणि बाकीची गल्ली

सक्करदऱ्यातली एखादी जुनी, चिंचोळी गल्ली डोळ्यांसमोर आणा. मे महिना, भल्या पहाटेची वेळ. नळाला पाणी आलंय, पण धार करंगळीएवढी. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी असलेल्या घरात एक मोटर घुर्र करून सुरू होते. तो टुल्लू पंप. दोन मिनिटांत टोकाच्या घरातली धार थेंबावर येते आणि कोणीतरी ओरडतं, "आमच्या नळाले पाणीच नाही येऊन राहिलं ना भाऊ!"

टुल्लूवाला चोर आहे का? पाणी त्याच्याच नळातून येतं. त्याच्याकडे मीटर आहे, बिलही तो वेळेवर भरतो. त्याने कोणाची बादली पळवलेली नाही. त्याने फक्त ओढायचा जोर वाढवला. पण एकाच पाइपमधलं पाणी सगळे पितात, त्यामुळे त्याचा वाढलेला जोर म्हणजेच शेजाऱ्याचा घटलेला दाब. नळाला थेट पंप लावायला बंदी आहे आणि उन्हाळ्यात असे पंप जप्तही होतात. तरी प्रश्न उरतोच: जे सगळ्यांचं आहे त्यातून एकाने किती घ्यावं, आणि ते कोणी ठरवावं?

हाच प्रश्न तुमच्या हातातल्या फोनमध्ये क्षणाक्षणाला सोडवला जातो. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे. त्यावर एका वेळी शेकडो प्रोसेस चालतात आणि प्रोसेसर, मेमरी, बॅटरी मात्र सगळ्यांत मिळून एकच. प्रत्येक प्रोसेसला वाटतं, यंत्र आपल्यासाठीच आहे. त्यात दुष्टपणा काही नाही, ती तशीच लिहिलेली असते. टुल्लूवाल्यालाही घरातल्या चार माणसांच्या आंघोळी तेवढ्या दिसत असतात. ज्यांनी या यंत्रणा बांधल्या त्यांना गल्लीतलेच प्रश्न पडले. त्यांची उत्तरं तपासून पाहण्यासारखी आहेत.

पहिलं उत्तर आहे सौजन्य. युनिक्सच्या जुन्या काळापासून एक आज्ञा आहे, तिचं नावच 'नाइस'. लिनक्सवर तिचा आकडा उणे २० पासून १९ पर्यंत जातो. आकडा जितका मोठा तितकी प्रोसेस 'भली', म्हणजे बाकीच्यांना आधी जाऊ देणारी. यातली गंमत अशी की साधा वापरकर्ता स्वतःचा भलेपणा हवा तेव्हा वाढवू शकतो, पण एरवी तो कमी करू शकत नाही. त्यासाठी 'रूट'ची, म्हणजे यंत्राच्या मालकाची परवानगी लागते. भलेपणाचा रस्ता एकेरी आहे. आणि जो स्वतःहून मागे सरत नाही, त्याचं काहीच बिघडत नाही. गल्लीतही हेच होतं. पंप न लावणाऱ्या घराला त्याच्या सज्जनपणाचं बक्षीस म्हणून रिकामा ड्रम मिळतो. पुढच्या उन्हाळ्यात तेही पंप आणतं. सगळ्यांकडे पंप आले की धार पुन्हा करंगळीएवढीच, फक्त विजेचं बिल वाढलेलं. शिवाय इतक्या जोराने ओढल्यावर पाइपच्या फटींतून आजूबाजूचं घाण पाणीही आत खेचलं जातं. ते पंपवाल्यालाही प्यावं लागतं.

म्हणून दुसरं उत्तर: मोजा आणि वाटा. पण मोजायचं कोणाला? प्रत्येक प्रोसेसला सारखा वाटा दिला, तर जो शंभर प्रोसेस उघडेल त्याला शंभर वाटे मिळतील. प्रत्येक नळजोडणीला सारखं पाणी दिलं, तर दोन माणसांच्या घरात दोन जोडण्या आणि बारा माणसांच्या घरात एक, हा न्याय कसा? या पेचावर २००६ मध्ये गूगलमधल्या अभियंत्यांनी काम सुरू केलं आणि २००८ च्या जानेवारीत ते लिनक्सच्या गाभ्यात दाखल झालं. त्याला 'सीग्रुप' म्हणतात. त्यात एकेकट्या प्रोसेसऐवजी गट मोजला जातो. गटाला अमुक मेमरी, अमुक प्रोसेसर. आत कितीही पोरं जन्माला घाला, ताट तेवढंच.

ऐकायला न्याय्य वाटतं. पण गट मोजण्याची दुसरी बाजू महाराष्ट्राने भारनियमनाच्या वर्षांत अनुभवली आहे. महावितरणने गळती आणि थकबाकीनुसार भागांचे गट पाडले होते. जिथे गळती जास्त, तिथे अंधाराचे तास जास्त. त्या भागात राहून दर महिन्याला बिल भरणाऱ्या माणसाने काय करायचं? शेजारच्याने तारेवर आकडा टाकला, म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री याच्या मुलीचा दिवा बंद. आणि विदर्भातल्या माणसाला तर कोराडी, खापरखेड्याच्या चिमण्यांचा धूर दिसत असायचा. वीज इथे तयार होते आणि अंधारही इथेच. गट मोजायला सोपा असतो, पण सोसतो तो एकेकटा माणूस. व्यवस्थेला जे एकक दिसतं तेच तिला खरं वाटतं, हे लक्षात ठेवायला हवं.

मर्यादा दोन जातींच्या असतात, हेही लिनक्समध्ये स्पष्ट दिसतं. एक 'वाटा' आणि एक 'छत'. वाटा तेव्हाच लागू होतो जेव्हा दुसरं कोणी रांगेत असतं. यंत्र रिकामं असेल तर सर्वांत मागे उभी राहणारी प्रोसेसही सगळा प्रोसेसर वापरू शकते. छत मात्र नेहमीच असतं. बाजूला कोणी नसलं तरी त्याच्या वर जाता येत नाही. वाटा म्हणतो, "दुसऱ्याला लागेल तेव्हा सोड." छत म्हणतं, "तुला इतकंच." माणसांना छताचा राग येतो तो अनेकदा रास्तच असतो. धरण भरून वाहत असताना पाणी मोजून द्यायला काय कारण? पण पाणी आणि प्रोसेसर यांत एक फरक आहे. प्रोसेसरचा न वापरलेला क्षण वाया जातो, तो साठवता येत नाही. पाणी साठतं. आज रांगेत कोणी दिसत नसलं तरी पुढचा जून रांगेत उभा असतो. जे साठतं त्यात न आलेल्या माणसाचाही वाटा धरावा लागतो.

या दोन्हींपेक्षा महत्त्वाची एक तिसरी गोष्ट आहे, जिच्याबद्दल कमी बोललं जातं. सीग्रुपच्या नव्या आवृत्तीत एखाद्या गटासाठी मेमरीचा तळ राखून ठेवता येतो: काहीही झालं तरी एवढी याच्याकडून काढून घ्यायची नाही. म्हणजे वर छत असतं तसा खाली ओटा. मला वाटतं, मर्यादेचं नैतिक समर्थन इथेच सापडतं. टुल्लूवाल्याला रोखायचं ते त्याला शिक्षा म्हणून नाही, टोकाच्या घरात हंडाभर पाणी पोचावं म्हणून. ज्या मर्यादेमुळे कोणाच्याही पायाखालचा ओटा भक्कम होत नाही, ती नुसती अडवणूक आहे.

आणि काहीच ठरवलं नाही तर? लिनक्स सहसा प्रोसेसना प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा जास्त मेमरीचं वचन देऊन ठेवतं, कारण सगळे एकदम मागायला येणार नाहीत असा त्याचा हिशेब असतो. हिशेब चुकला की गाभ्यातला एक जल्लाद जागा होतो आणि बहुधा सर्वांत जास्त मेमरी खाणाऱ्या प्रोसेसला मारतो. २००४ मध्ये आंद्रिस ब्राउवर या संगणकतज्ज्ञाने यावर एक झोंबरी उपमा दिली होती: विमान कंपनीने पैसे वाचवायला इंधन कमी भरायचं, आणि ते कमी पडलं की एखाद्या प्रवाशाला बाहेर फेकायचं. मग चर्चा कशाची, तर कोणाला फेकावं याची! इंधन कमी का भरलं हे कोणी विचारत नाही.

नागपूरच्या वाट्याला असा क्षण जुलै २०१९ मध्ये आला. २०१२ पासून शहराला चोवीस तास पाणी देण्याचं स्वप्न घेऊन २५ वर्षांचा करार चालू होता. त्या वर्षी तोतलाडोहचं धरण तळाला गेलं, पाऊस लांबला आणि शहराला एक दिवसाआड पाणी सुरू झालं. मोठी टाकी बांधलेल्या घरांना त्या दिवसाचा फरक फारसा जाणवला नसेल. टाकीच नसलेल्या घरांत आठवडा अर्धा झाला. छत सगळ्यांवर सारखं होतं, ओटा सारखा नव्हता.

फोनमधला जल्लाद आणखी एक गोष्ट शिकवतो. मेमरी कमी पडली की तो आधी मागे दडलेली ॲप्स बंद करतो आणि पडद्यावरचं शक्यतो वाचवतो. गाणी वाजवणाऱ्या ॲपला तगून राहायचं असेल, तर वर एक सूचना सतत दाखवत राहावी लागते: मी आहे, मला मारू नका. फोनसाठी हे ठीक. शहर असं चालायला लागलं की जो डोळ्यांसमोर आहे तो वाचतो, आणि गल्लीच्या टोकाचा, वरच्या मजल्यावरचा, अर्ज लिहिता न येणारा आधी बंद पडतो.

इथे यंत्राची उपमा संपते. मेलेली प्रोसेस पुन्हा सुरू करता येते. तिला तहान लागत नाही, अपमानही वाटत नाही. शिवाय यंत्रात रूटसाठी बहुतेक मर्यादा नावापुरत्याच असतात. माणसांच्या गावात रूट कोणी नसतो, नसायला हवा. मर्यादा ठरवणाऱ्याच्या घरीही नळ असतोच. म्हणून नव्या मर्यादेबद्दल तीन प्रश्न विचारावेत: ती आधी सांगितली होती का? तिच्यामुळे सर्वांत टोकाच्या घरात पाणी पोचतं का? आणि ती लावणाऱ्यालाही ती लागू आहे का? तिन्हींना हो असेल तर मर्यादा पाळण्यात कमीपणा काही नाही. एकालाही नाही असेल, तर ते विचारत राहणं हेही नागरिकाचं सौजन्यच आहे.

आणि ही उत्तरं येईपर्यंतसुद्धा टुल्लूचं बटण आपल्याच हातात असतं.