निवांत न झालेली माणसं

सकाळी कोल्हापूरच्या रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्या एखाद्या ज्येष्ठाला सुखाचं गुपित विचारा. उत्तर बहुधा ठरलेलं असतं, "डोक्याला ताप करून घ्यायचा नाही बघ. निवांत राहायचं." सल्ला वाईट नाही. रक्तदाबाच्या गोळीइतका तरी उपयोगी आहेच. पण याच गावात ज्यांचं म्हातारपण भरलेलं दिसलं, ती माणसं काही निवांत झाली नाहीत. त्याचं काय करायचं?

प्रा. एन. डी. पाटील यांचा जन्म १५ जुलै १९२९ चा. कोल्हापूरचं टोलविरोधी आंदोलन पेटलं तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. आमदारकी झाली होती, सहकारमंत्रिपद झालं होतं, रयत शिक्षण संस्थेची धुराही वाहून झाली होती. घरी बसून आठवणी सांगितल्या असत्या तरी कुणी नावं ठेवली नसती. ते मोर्चाच्या पुढं उभे राहिले. शेतकरी-कामगारांचे लढे लढलेल्या माणसाला गावच्या रस्त्यांवरचा टोल किरकोळ वाटायला हरकत नव्हती. त्यांना तो तसा वाटला नाही. डिसेंबर २०१५ मध्ये टोल रद्द झाला, तेव्हा ते ८६ वर्षांचे होते. डोक्याला ताप करून घेणं म्हणतात ते हेच की!

वि. स. खांडेकरांची तऱ्हा वेगळी. शिरोड्याहून १९३८ मध्ये कोल्हापूरला आले आणि इथलेच झाले. त्यांची 'ययाति' १९५९ ची. म्हातारपण नको म्हणून पोटच्या मुलाचं तारुण्य मागून घेणारा आणि तरीही अतृप्त राहणारा राजा त्यांनी उभा केला. पुढं लेखकावरच मागण्याची वेळ आली. मुळातच अधू असलेली दृष्टी उतारवयात गेली. तरी लेखनिकाला मजकूर सांगणं त्यांनी सोडलं नाही. मनातलं वाक्य मोठ्यानं म्हणायचं, समोरच्याचा हात थांबला की आपणही थांबायचं, पुन्हा वाचून दाखव म्हणायचं. आयुष्यभर लिहिलेल्या माणसाला हे जड जात असणारच. ययातीनं मागितलं त्यापेक्षा हे मागणं किती साधं, पण मागायला मन मोठं लागतं. मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळालं ते याच खांडेकरांमुळं, १९७४ चं.

ही मोठी माणसं, त्यांचं सोडा, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. मग साध्या माणसांकडं बघू. साखर कारखान्यात, सूतगिरणीत उमेदीची वर्षं घालवलेल्यांना मिळणाऱ्या ईपीएस-९५ योजनेत २०१४ साली किमान पेन्शन ठरली ती महिना १००० रुपये. एवढ्यात महिना ढकलणाऱ्याला 'टेन्शन घेऊ नका, छंद जोपासा' सांगणं ही चेष्टा आहे. आणि घरातल्या आजीला तर निवृत्तीच नसते; तिला सुखाचा सल्ला विचारायला कुणी जातही नाही.

म्हणून सुखी कसं राहावं हे म्हाताऱ्या माणसांना विचारण्याआधी, औषधाचे पैसे पुरतात का, हे विचारावं. मग विचारावं, तुमच्यावाचून सध्या कुणाचं काय अडतं? 'काही नाही' असं उत्तर आलं, तर त्यांचा सत्कार, शाल, नारळ राहू द्या. तालमीच्या गणपतीच्या वर्गणीची वही त्यांच्या हाती द्या. हिशेब पैशापैशाचा मिळेल, आणि उशिरा येणाऱ्या पोरांना चार शिव्याही.