शनिवारची शाळा कोणाच्या मुलांसाठी?

जून महिना जवळ आला की आपल्या वसईतल्या वाड्यावाड्यांत एकच चर्चा असते: कोणाचे मूल कोणत्या शाळेत चालले. चौथीपर्यंत गावच्या मराठी शाळेत रमलेली मुले पाचवीला इंग्रजी माध्यमात किंवा स्टेशनजवळच्या मोठ्या शाळेत जातात. त्यांना न्यायला दारात पिवळी बस येते आणि मागे राहिलेल्या मुलांच्या वर्गात दोन बाके रिकामी होतात.

या वर्षी मात्र या चर्चेत एक वेगळा सूर आला आहे. पाचवी ते आठवीच्या काही पालकांनी सुचवले आहे की, शाळा सोडून जाण्याऐवजी आपणच शनिवारी-रविवारी शाळेत जादा वर्ग घ्यावेत. थोडे गणित, थोडे इंग्रजी, विज्ञानाचे प्रयोग, संगीत, संगणक. शिकवणारे आपल्यातलेच: कोणी बँकेत, कोणी इस्पितळात, कोणी निवृत्त शिक्षिका. सूचना चांगली आहे आणि आम्हांला ती मनापासून आवडली. म्हणूनच तिच्या पोटात असलेला एक प्रश्न काम सुरू होण्याआधीच उघडपणे मांडावासा वाटतो. हे वर्ग नेमके कोणाच्या मुलांसाठी?

आधी शाळा कशी खचते ते पाहू. अनुदानित शाळेत शिक्षकांची पदे पटावर ठरतात. दहा मुले गेली की पट घसरतो, पट घसरला की एखादे पद जाते, पद गेले की एकाच शिक्षकाला गणितही शिकवावे लागते आणि इतिहासही. ते पाहून आणखी पाच पालक दाखला मागायला येतात. अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एका छोट्या पुस्तकात ही गोष्ट फार नेमकी सांगितली आहे. एखादी संस्था ढासळू लागली की माणसापुढे दोन वाटा असतात: निघून जाणे किंवा तिथेच राहून आवाज उठवणे. शाळेच्या बाबतीत घात असा होतो की, ज्यांना दर्जाची सर्वांत जास्त काळजी असते तेच पालक आधी निघून जातात. म्हणजे ज्यांनी आवाज उठवला असता तेच बाहेर पडतात आणि ज्यांना आवाज नाही ते आत राहतात.

जे गेले त्यांना आम्ही दोष देत नाही. आपल्या लेकराचे भले पाहणे हा गुन्हा नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी शिक्षणावर जे घोषणापत्र काढले, त्यातही आईवडील हेच मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक आहेत असे म्हटले आहे. वर्षाला एकदाच पाचवी येते. शाळा सुधारेपर्यंत मूल थांबू शकत नाही. 'समाजासाठी तुझे मूल इथेच ठेव' असे दुसऱ्याच्या आईला सांगणे फार सोपे असते, आणि असे सांगणाऱ्यांची स्वतःची मुले कुठे शिकतात हे आपण सर्व जाणतो.

पण आपल्या मुलावर प्रेम करणे एक, आणि शेजारच्या मुलाच्या पुढे आपले मूल काढणे दुसरे. बाहेरून पाहता या दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. दोन्हींत पहाटे उठणे आहे, डबा आहे, वह्या तपासणे आहे. फरक दिसतो तो वर्गाच्या दारात कोण उभे आहे आणि कोण नाही, हे पाहिल्यावर.

शनिवारी सकाळी कोण येऊ शकत नाही याचा जरा विचार करू. मोगरा खुडून, तो बांधून आईबरोबर दादरच्या बाजारात जाणारी मुलगी. वडील वीटभट्टीवर आणि आई दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करायला गेल्यामुळे धाकट्या भावाला सांभाळणारी सातवीतली मुलगी. पाड्यावरून चालत येणारा वारली मुलगा, ज्याला शाळेत दुपारचे जेवण मिळते, पण ज्या दिवशी जेवण नसेल त्या दिवशी तो येईलच असे नाही. उत्तर प्रदेशातून आलेल्या कुटुंबातला मुलगा, ज्याच्या घरी मराठी कोणी वाचत नाही. आपल्या शाळेत आता अशी मुले पुष्कळ आहेत, आणि पट टिकून आहे तो बराचसा त्यांच्यामुळेच. शनिवारच्या वर्गात फक्त ज्यांना येणे परवडते तीच मुले आली, तर शाळेच्या छपराखाली भरलेली ती खाजगी शिकवणीच होईल. तिला शाळा मजबूत करणे म्हणता येणार नाही.

इथे इटलीतल्या एका धर्मगुरूची आठवण होते. फादर लोरेन्झो मिलानी यांना डिसेंबर १९५४ मध्ये फ्लॉरेन्सजवळच्या डोंगरातल्या बार्बियाना या अगदी लहान धर्मग्रामात पाठवण्यात आले. रस्ता धड नाही, मोजकी घरे, गुरे राखणारी मुले. १९६२ अखेरच्या कायद्याने इटलीत चौदा वर्षे वयापर्यंत सर्वांसाठी एकच माध्यमिक शाळा आली, म्हणजे आपल्याकडच्या सहावी ते आठवीसारखी. कायद्याने दार उघडले, पण शेतकऱ्यांची मुले तिथे नापास होऊन बाहेर पडू लागली. मिलानींनी आपल्या घरीच शाळा चालवली. ती दिवसभर चाले, रविवारीही चाले आणि मोठी मुले लहानांना शिकवीत. त्यातल्या आठ मुलांनी मिळून लिहिलेले पुस्तक १९६७ च्या मे महिन्यात निघाले आणि पुढच्याच महिन्यात मिलानी वारले. मराठीत ते 'प्रिय बाई' या नावाने आले आहे. त्यात मुलांनी मागितले ते एवढेच: कोणाला नापास करून हाकलू नका, जो मागे आहे त्याला जास्त वेळ द्या, आणि ज्याला कंटाळा येतो त्याला शिकण्याचे काही कारण द्या. त्या काळात मिलानींना वरिष्ठांकडून फारसे प्रेम मिळाले नाही. २० जून २०१७ रोजी पोप फ्रान्सिस स्वतः बार्बियानाला जाऊन त्यांच्या कबरीपाशी प्रार्थना करून आले.

बार्बियानाच्या शाळेत जादा वेळ होता, पण तो वाटण्याची रीत आपल्या नेहमीच्या रीतीहून उलटी होती. मागे पडलेला मुलगा तिथे पहिला मानला जाई. त्याला समजेपर्यंत बाकीचे पुढे जात नसत. आपल्याकडे जादा वर्ग म्हटले की हुशार मुलांची यादी आधी निघते. शिष्यवृत्ती परीक्षेला किती बसवायचे, किती लागतील, फलकावर किती नावे झळकतील. यात वाईट काही नाही. आठवीतली एनएमएमएस परीक्षा तर मुद्दाम साडेतीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठीच आहे. जो मुलगा पास होतो त्याला नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात आणि आपल्यासारख्या अनुदानित शाळांतली मुले त्याला पात्र असतात. कितीतरी घरांना हे माहीतच नसते. त्यांना अर्ज भरायला मदत करणे हे शनिवारच्या शाळेचे पहिल्या क्रमांकाचे काम ठरावे. पण केवळ परीक्षेचाच विचार केला, तर ज्याला भागाकार येत नाही तो मुलगा तिसऱ्या शनिवारी यायचे बंद करील. अशी मुले थोडी नाहीत. २०२४ च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भारतातल्या आठवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले नाही.

काही पालकांचा आक्षेप वेगळा आहे, आणि तो आम्हांला वजनदार वाटतो. ते म्हणतात, शिकवणे हे शाळेचे काम आहे. आपण फुकट शिकवू लागलो की सरकारही निर्धास्त होईल आणि व्यवस्थापनही. २०१२ नंतर राज्यात शिक्षकभरती वर्षानुवर्षे रखडली, ती पालकांनी गोड मानून घ्यायची का? सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, भाषा आणि समाजशास्त्र यांना निदान एकेक स्वतंत्र शिक्षक असावा, असे २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो. ते शिक्षक मिळवून देण्याऐवजी आपण निवृत्त बाईंना शनिवारी बोलावणार का?

याला आमचे उत्तर असे की, शनिवारी शाळेत येणारा पालकच सोमवारी मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन नीट प्रश्न विचारू शकतो. त्याने वर्ग पाहिलेला असतो. प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी येते की नाही, हे त्याला माहीत असते. आपल्या बाबतीत याला आणखी एक कारण आहे. शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालक असावेत अशी तरतूद केली. परंतु सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानुसार अल्पसंख्याकांच्या शाळांना हा कायदा लागू होत नाही. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी या निकालाचा मोठ्या पीठाने पुन्हा विचार करावा असे सुचवले. त्याचे पुढे काय व्हायचे ते होवो. तोवर आपल्या शाळेत पालकांना बसवून घेण्याची कायद्याची सक्ती नाही. ही सूट आपल्याला संस्कृती जपण्यासाठी मिळाली आहे. पालकांना, त्यातही गरीब पालकांना, दाराबाहेर ठेवण्यासाठी ती वापरली गेली तर ते फार वाईट दिसेल. कायदा विचारत नाही म्हणून आपण स्वतःला विचारायचे नाही, असे थोडेच आहे!

वर्ग कुठे भरवावे यावरही बोलले पाहिजे. चर्चचा हॉल मोठा आहे, पंखे आहेत, हे खरे. पण जो मुलगा ख्रिस्ती नाही त्याच्या आईला तिथे पाठवताना संकोच वाटेल, आणि तो संकोच आपण समजून घ्यायला हवा. वर्ग शाळेतच भरावेत. रविवारच्या धर्मशिक्षणाशी त्यांची सरमिसळ करू नये.

शिकवायचे काय, याची चिंता आम्हांला सर्वांत कमी वाटते. राजेळी केळी वाळवून सुकेळी करताना वजन किती घटते, हे काढायला लावले की शेकडेवारी येते. विरार लोकलच्या वेळापत्रकात वेग, वेळ आणि अंतर भरलेले आहे. विहिरीचे पाणी मे महिन्यात खारट का होते हे मुलांना विचारले, तर भूगोल आणि रसायन एकदमच सुरू होतात. आणि हे शिकवायला पदवी लागतेच असे नाही. दादरला फुले विकणाऱ्या आईला तोंडी हिशेब जितका येतो तितका आमच्यातल्या कितीतरी पदवीधरांना येत नाही. तिला एक दिवस शिकवायला बोलावले तर तिची मुलगीही वर्गात येईल. मात्र त्या सकाळी तिचा धंदा बुडतो, त्याची काही सोय वर्गणीतून करावी लागेल. फुकट वेळ देणे हे महिन्याचा पगार घेणाऱ्यालाच परवडते.

फी घेऊ नये असे आमचे मत आहे. काही जणांना ते पटत नाही. फुकटाची किंमत राहत नाही असे ते म्हणतात. ऐच्छिक वर्गणीची पेटी ठेवता येईल. वेळेबाबत शनिवारी दुपारी तीन ते पाच अशी एक सूचना आहे, कारण तोवर बाजारात गेलेल्या बायका परततात आणि मुली मोकळ्या होतात. धाकट्या भावंडांना बरोबर आणू द्यावे आणि त्यांच्यासाठी तरुण संघातल्या दोघातिघांनी बाजूच्या वर्गात खेळ घ्यावेत. शेव-चुरमुरे आणि केळी यांचा खर्च एका समूहाने उचलला आहे.

पालकांची बैठक येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर शाळेच्या आठवीच्या वर्गात आहे. ज्यांना रविवारी कामावर जावे लागते त्यांच्यासाठी तीच बैठक बुधवारी रात्री आठ वाजता पाड्यावरच्या समाजमंदिराच्या ओट्यावर पुन्हा होईल. वेळ, जागा आणि विषय या दोन्ही बैठका झाल्यावरच ठरवावेत, अशी विनंती आम्ही केली आहे.