पडीक वर्षाचे पीक

प्राध्यापकांच्या वर्षभराच्या अध्ययन-रजेला आपण ‘सबॅटिकल’ म्हणतो. त्या शब्दाचे मूळ शेतात आहे. सहा वर्षे पेरणी करून सातव्या वर्षी जमीन पड टाकावी, असे यहुदी धर्मशास्त्र सांगते; १८८० मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने ही कल्पना शिक्षकांना लागू केली. पुण्याजवळच्या मुळशी खोऱ्यातल्या शेतकऱ्याला ती परकी वाटणार नाही. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत काही वर्षे नाचणी-वरई घ्यायची आणि मग जमिनीला विसावा द्यायचा, ही सह्याद्रीतली जुनी रीत. पण त्या धर्माज्ञेचा उत्तरार्ध विद्यापीठांनी सोडून दिला. सातव्या वर्षी आपसूक उगवेल ते गरिबांनी खावे, उरेल ते रानातल्या जनावरांनी, असे बायबलच्या निर्गम ग्रंथात म्हटले आहे. म्हणजे जमीन मालकाची, पण पडीक वर्षाचे पीक त्याचे नाही. स्थापत्य-रचना कशी शिकवली जाते याचा अभ्यास करण्यासाठी एखाद्या प्राध्यापकाने अशी रजा घेतली, तर त्या वर्षाच्या पिकावर हक्क कोणाचा? माझ्या मते तो त्यांचा, जे वर्गात कधीच पाऊल ठेवणार नाहीत, पण ज्यांच्या भुईवर ती रचना उभी राहणार आहे. हे मी दयेपोटी म्हणत नाही. रचनेचे ज्ञान कशाला म्हणायचे, या प्रश्नाचा विचार करत गेले की याच उत्तराशी यावे लागते.

रचनेचे ज्ञान म्हणजे तिच्या कर्त्याचे ज्ञान; आणि ‘कर्ता’ कोणाला म्हणावे, याचा काटेकोर विचार नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या आचार्यांनी, केला आहे. जग हे कार्य आहे, म्हणून त्याला कर्ता असलाच पाहिजे, हे अनुमान उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत मांडले. न्यायपरंपरेनुसार कर्त्याच्या ठिकाणी तीन गोष्टी हव्यात : ज्यातून वस्तू घडते त्या उपादानाचे अपरोक्ष म्हणजे थेट ज्ञान, ती घडवण्याची इच्छा आणि प्रत्यक्ष प्रयत्न. कुंभार कर्ता ठरतो तो नुसता चाक फिरवतो म्हणून नव्हे. माती त्याच्या हाताला कळलेली असते. आपल्या अभियांत्रिकी शिक्षणात इच्छा आणि प्रयत्न यांची वाण नाही. उपादानाचे ज्ञानही दिले जाते, पण ते काँक्रीट, पोलाद आणि पायाखालच्या मातीची भार पेलण्याची ताकद इथवर येऊन थांबते. धरणाचे उपादान म्हणजे फक्त दगड आणि चुना का? जलाशय तर खोऱ्यातूनच घडतो. भातखाचरे, पायवाटा, देवळे, घरे हे सगळे त्यात उतरते, तेव्हा पाणी साठते. शास्त्रातली संज्ञा मी इथे तिच्या नेमक्या अर्थापेक्षा पुढे नेतो आहे, हे मान्य आहे. पण जे घेतल्याशिवाय वस्तू उभीच राहत नाही, ते जाणून न घेता स्वतःला तिचा कर्ता म्हणवणे त्या व्याख्येच्या गाभ्याशी विसंगत आहे.

याचा पुरावा मुळशीतच आहे. मुळा आणि नीला या नद्यांचे पाणी अडवायचे, बोगद्याने पश्चिमेला वळवायचे, घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात सुमारे ५०० मीटर उंचीवरून सोडायचे आणि ती वीज मुंबईला पुरवायची, ही टाटा पॉवर कंपनीची योजना अभियंत्याच्या प्रतिभेचा अस्सल नमुना होती. सह्याद्रीच्या माथ्यावरचा धुवाधार पाऊस आणि कोकणाकडे तुटलेला कडा, दोन्ही तिने अचूक वाचले. वाचली नाहीत ती माणसे. जमीन रीतसर ताब्यात येण्याआधीच शेतांमध्ये चाचणीचे चर खणले गेले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, त्याविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला आणि १९२४ पर्यंत चालला. प्रश्न ५२ गावांचा आणि सुमारे ११ हजार माणसांचा होता. पुढे भूसंपादनाच्या कायद्याने मोबदल्याची वाट काढली, तेव्हा पुण्यातले अनेक जमीनमालक आणि सावकार तो घ्यायला तयार झाले. कसणारी कुळे मात्र उघडी पडली. कागदाला जमिनीचा मालक ठाऊक होता, कसणारा ठाऊक नव्हता. अपरोक्ष ज्ञानाचा अभाव म्हणजे हाच.

यावर पहिला आक्षेप असा, की अभ्यासक्रम आधीच भरगच्च आहे. त्यात समाजाची चर्चा घुसवली तर गणित कच्चे राहील, आणि कच्च्या गणिताने माणसे मरतात. आक्षेप गंभीर आहे. पण मुळशीचे गणित कच्चे नव्हते. ते धरण जवळपास शंभर वर्षे उभे आहे. त्याची ही मजबुतीच सांगते, की गणित बिनचूक असूनही रचना अपुरी राहू शकते. दुसरा आक्षेप व्यापक हिताचा : मुंबईच्या लाखो लोकांना मिळालेल्या विजेपुढे काही गावांचे नुकसान किती? पण तोलायचे असेल तर दोन्ही पारड्यांत काय आहे ते आधी माहीत हवे. एका पारड्यात मोजलेली वीज आणि दुसऱ्यात कधीच न मोजलेले आयुष्य ठेवून काटा झुकला, तर त्याला न्याय म्हणता येत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत सोयीचा आहे : निर्णय सरकार आणि कंपनी घेतात, अभियंता केवळ आराखडा काढतो. गीतेच्या अठराव्या अध्यायाचाही यासाठी आधार घेता येईल. कर्माची पाच कारणे आहेत, कर्ता त्यांतला फक्त एक, आणि मीच एकटा कर्ता असे मानणाऱ्याला नीट दिसत नाही, असे तिथे सांगितले आहे. पण त्या पाचांत पहिले नाव अधिष्ठानाचे आहे. शंकराचार्य त्याचा अर्थ शरीर असा करतात. कर्म ज्याच्या आधाराने घडते ते, हा त्यातला भाव. कर्तेपण वाटले गेले की अहंकार कमी व्हावा, एवढेच यातून निघते. आपल्या वाट्याचे कर्तव्य त्यामुळे कमी होत नाही. मुळशीच्या सत्याग्रहाचे सेनापती पांडुरंग महादेव बापट १९०४ मध्ये शिष्यवृत्तीवर एडिंबरोला गेले होते, ते अभियांत्रिकी शिकण्यासाठीच. यंत्रविद्येची ओळख असलेला माणूस कुळांच्या बाजूने उभा राहिला. ही विद्या आणि ही बाजू परस्परविरोधी नाहीत, याची साक्ष याच खोऱ्याने दिली आहे.

शेवटचा आक्षेप तत्त्वज्ञाचा आहे. सगळ्या उपादानाचे संपूर्ण अपरोक्ष ज्ञान उदयनाचार्य ईश्वराच्या ठिकाणी मानतात; माणसाकडून त्याची अपेक्षा कशी करावी? करू नयेच. पण आपल्या ज्ञानाला सीमा आहे असे ज्याला शिकवले आहे, तो चर खणण्याआधी विचारतो, आणि विचारणे शिकवता येते. हार्वर्डमध्ये शिकवलेले आणि पुढे अहमदाबादेत नियोजनाचे शिक्षण उभे करणारे वास्तुरचनाकार ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी याच मुळशी तालुक्यात महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेजची रचना केली, तेव्हा त्यांनी भिंतींसाठी इथलाच काळा बेसाल्ट वापरला. दगडाची एवढी ओळख ही फक्त सुरुवात आहे. दगडाकडून माणसाकडे जायचे आहे. म्हणून रचनेचे अध्यापन अभ्यासणाऱ्या प्राध्यापकाने वर्षभर केवळ नामांकित वर्गखोल्या पाहू नयेत. थोडे दिवस त्याने अशा जलाशयाच्या काठावर राहावे, वर सरकलेल्या वस्त्यांमधल्या लोकांना त्यांच्या पाण्याबद्दल आणि जमिनीबद्दल विचारावे, आणि परत गेल्यावर विद्यार्थ्यांच्या पहिल्याच आराखड्यावर ‘ही जागा कोण कसत होते?’ हा प्रश्न मोजमापांच्या बरोबरीने लिहायला लावावा. ज्या शेतकऱ्याला त्या वर्गात कधी जागा मिळणार नाही, त्याच्या पदरात त्या पडीक वर्षाचे पीक पडेल ते असे.